‘कसं करायचं’ सांगणाऱ्या मराठी वेबसाइटवरून जाहिरात आणि ॲफिलिएटची कमाई: पहिल्यापासून एकेक पायरी

मिरजेला बाबांचं मिक्सर, पंखे, इस्त्री दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथेच असायचे. लग्नानंतर दुकान लांब राहिलं, पण हातातलं काम विसरले नव्हते. तेच मराठीत लिहून ठेवायला लागले: नळ गळत असेल तर काय करायचं, इस्त्री तापत नसेल तर आधी काय बघायचं. आज त्या वेबसाइटवर जाहिराती आणि ॲफिलिएट लिंका आहेत. त्यातून होस्टिंगचा (वेबसाइट ठेवायच्या भाड्याच्या जागेचा) खर्च भागतो आणि वीजबिल, गॅस, मुलीच्या क्लासची फी निघते. पगाराची जागा घेईल एवढी ही रक्कम नाही. तिथपर्यंत पोचायला मला दोन वर्षं लागली आणि त्यातले कितीतरी महिने उलट्या क्रमाने कामं केल्यामुळे वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पैसा कुठून येतो ते बघू. जाहिरातीचे पैसे तुमचं पान किती वेळा उघडलं आणि त्यावर जाहिराती किती वेळा दिसल्या यावर ठरतात. गूगल ॲडसेन्समध्ये (वेबसाइटवर जाहिराती लावणारी गूगलची सेवा) पूर्वी मुख्यतः क्लिकवर हिशोब व्हायचा, २०२४ पासून तो जाहिरात दिसण्यावर होतो. ॲफिलिएटचे पैसे वेगळे: तुमच्या लिंकवरून कुणी दुकानाच्या वेबसाइटवर गेलं आणि खरेदी केली, तर दुकान तुम्हाला कमिशन देतं.

जरा आकडे मांडू. हे दर फक्त उदाहरणासाठी धरलेत. महिन्याला ३०,००० पानं बघितली गेली आणि हजार पानांमागे ४० रुपये मिळाले, तर जाहिरातीचे १,२०० रुपये झाले. त्याच महिन्यात लिंकवरून ४० जणांनी सरासरी ५०० रुपयांच्या वस्तू घेतल्या आणि कमिशन ५ टक्के असलं, तर १,००० रुपये झाले. मराठीतल्या पानांना इंग्रजीइतका जाहिरात दर मिळत नाही, हे मनाशी पक्कं धरूनच सुरुवात करा. म्हणूनच ॲफिलिएटची जोड लागते आणि म्हणूनच विषय निवडताना पुढची पायरी नीट वाचा.

१. बिघडलेली वस्तू हातात घेऊन बसलेला वाचक शोधा

माझा पहिला लेख होता ‘मिक्सरचा कपलर कसा बदलावा’. कपलर म्हणजे मोटर आणि भांडं यांना जोडणारा छोटा भाग. कित्येक महिने तो कुणी वाचलाच नाही. कारण साधं होतं. ज्याचा मिक्सर बिघडलाय, त्याला ‘कपलर’ हा शब्दच माहीत नसतो. त्याच्यासमोर चटणी अर्धवट वाटून पडलेली असते आणि तो शोधतो ‘मिक्सर चालू होतो पण भांडं फिरत नाही’. मी लेखाचं शीर्षक तसं बदललं, पहिल्या दोन ओळींत लक्षण लिहिलं, मग भागाचं नाव सांगितलं. तेव्हापासून तो लेख माझ्या वेबसाइटवर सगळ्यात जास्त वाचला जातो.

दुकानात गिऱ्हाईक यायचं ते लक्षण घेऊन. ‘वास येतोय’, ‘गुणगुणतो पण फिरत नाही’, ‘शॉक बसल्यासारखं होतं’. भागाचं नाव बाबा सांगायचे. वेबसाइटवरही हाच क्रम ठेवा: वाचकाच्या तोंडचं लक्षण, त्यामागचं कारण, लागणारा भाग, मग कृती. हा क्रम कमाईलाही उपयोगी पडतो. कारण ‘लागणारा भाग’ या टप्प्यावर वाचकाला ती वस्तू खरंच हवी असते आणि तिथे दिलेली लिंक त्याच्या कामाची ठरते.

विषय शिवणकामाचा असो, गच्चीवरच्या बागेचा असो, नाहीतर सायकल दुरुस्तीचा, स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे काम मी स्वतःच्या हाताने केलंय का? लोक ते करताना अडतात कुठे? अडल्यावर त्यांना काही विकत घ्यावं लागतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो विषय सोडा. दुसऱ्यांचे लेख वाचून लिहिलेला मजकूर आता टिकत नाही. मार्च २०२४ पासून गूगलच्या नियमांत ढिगाने बनवलेल्या मजकुरावर, मग तो माणसाने बनवलेला असो की यंत्राने, स्पष्ट बंदी आहे. शिवाय एका ओळीत उत्तर देता येईल असे प्रश्न आता शोधाच्या पानावरच सुटतात, वाचक तुमच्यापर्यंत येतच नाही. तो येतो ते फोटो, अडचणी आणि हाताचा अनुभव बघायला.

उदाहरण देते. बऱ्याच मिक्सरमध्ये कपलरचे आटे उलटे असतात. नेहमीच्या सवयीने फिरवला तर तो आणखी घट्ट बसतो आणि जोर लावला की तुटतो. शिवाय मोटरचा शाफ्ट (फिरणारा दांडा) खालून धरून ठेवावा लागतो, नाहीतर दोन्ही एकत्र फिरत राहतात. ज्याने स्वतः कपलर काढलाय त्यालाच हे आधी सांगायचं सुचतं.

२. डोमेन, होस्टिंग आणि अक्षरं

वेबसाइटसाठी स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घ्या. त्याचं वर्षाचं भाडं भरावं लागतं, पण ॲडसेन्सला स्वतःचं डोमेन लागतं. अपवाद ब्लॉगरचा, तिथे फुकटचा पत्ताही चालतो. डोमेनचं नाव छोटं आणि रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरीत ‘.भारत’ डोमेन मिळतं, पण फोनवरून कुणाला सांगताना आणि टाइप करताना लोक गोंधळतात. हीच गोष्ट लेखाच्या पत्त्याची. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ बनते. म्हणून प्रत्येक लेखाचा पत्ता रोमन अक्षरांत हाताने लिहा.

पूर्वी डीटीपीचं काम केलेल्यांनी एक गोष्ट तपासावी. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर शोधयंत्राला तो मराठी म्हणून दिसतच नाही. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर ‘ऱ्य’, ‘र्‍ह’, जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. फॉन्टसाठी ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांच्यासारखा फुकट मिळणारा युनिकोड फॉन्ट पुरतो.

होस्टिंग सुरुवातीला स्वस्तातलं चालेल. फक्त पान जुन्या मोबाइलवर, घरातल्या साध्या नेटवर उघडून बघा.

३. अर्ज करण्याआधी लेख लिहा

मी सात लेखांवर जाहिरातीसाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. माझीच घाई होती. आकड्याचा असा ठरलेला नियम नाही, पण माझा सल्ला पंचवीस-तीस पूर्ण लेखांचा आहे. ते सगळे एकाच विषयातले असावेत. नळ, मिक्सर, पंखा, इस्त्री हे एका घरातलं आहे. मध्येच राशिभविष्य घातलं तर वाचकालाही कळत नाही आणि शोधयंत्रालाही.

प्रत्येक लेखात मी हे बघते:

लक्षण वाचकाच्या शब्दांत आहे का. लोक बोलून शोधतात आणि रोमन अक्षरांत मराठीही टाइप करतात, त्यामुळे बोलीतले शब्द वाया जात नाहीत. पाना, पक्कड, टेस्टर हे दुकानात चालणारेच शब्द ठेवा.

फोटो माझे स्वतःचे आहेत का. दुसरीकडून उचललेला फोटो कॉपीराइटमध्ये अडकवतो. शिवाय माझ्या हातातल्या, वापरून झिजलेल्या कपलरच्या फोटोवर वाचक जास्त विश्वास ठेवतो. फोटो वेबपी (WebP) या हलक्या फाइल प्रकारात, लहान करून टाका.

धोका सुरुवातीलाच सांगितला आहे का. विजेच्या वस्तूबद्दल लिहिताना ‘प्लग काढा’ ही पहिली पायरी. पंख्याच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा छोटा भाग) वीज बंद केल्यावरही भार उरलेला असू शकतो. हे खाली कुठेतरी लिहिलं तर वाचकाचा हात त्याआधीच आत गेलेला असतो.

‘हे घरी करू नका’ कुठे लिहायचं ते ठरलंय का. मोटरचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळलेलं असेल तर मी सरळ दुकानात पाठवते. त्या लेखात विकायला काही नसतं, पण तो लेख वाचून परत येणारे खूप आहेत.

लेख टाकला की गूगल सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप, म्हणजे वेबसाइटवरच्या पानांची यादी, द्या. लोक काय शोधून तुमच्यापर्यंत येतात ते सर्च कन्सोल दाखवतं. ही फुकट सेवा आहे आणि पुढे कमाई वाढवायला सगळ्यात जास्त हीच उपयोगी पडते.

४. चार पानं जी लोक विसरतात

‘माझ्याविषयी’, ‘संपर्क’, ‘गोपनीयता धोरण’ आणि ‘कमाईबद्दल खुलासा’. गोपनीयता धोरणात कुकी (वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवली जाणारी छोटी नोंद) आणि त्यावर चालणाऱ्या जाहिरातींबद्दल लिहिणं ॲडसेन्सच्या नियमानुसार आवश्यक आहे. तुमचा एखादा वाचक लंडनला किंवा म्युनिकला राहणारा मराठी माणूस असेल, तर युरोप आणि ब्रिटनमधल्या वाचकांकडून संमती घेणारी खिडकी दाखवावी लागते. ॲडसेन्सच्या खात्यात ती फुकट तयार करता येते. तेवढं आठवणीने चालू करा.

५. कागदपत्रं: आधी नावं जुळवा

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, म्हणून इथे जरा थांबते. पॅनवर माझं माहेरचं नाव होतं, बँकेत सासरचं, आधारवर नवऱ्याचं नाव मध्ये घालून तिसरंच. जाहिरातीच्या खात्यात मी चौथं, सुटसुटीत नाव लिहिलं. पहिली रक्कम बँकेने परत पाठवली. नंतर सगळं एका नावावर आणायला तीन महिने गेले. पुरुषांच्याही बाबतीत हे होतं: कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे फक्त आद्याक्षर, कुठे आडनाव आधी.

हाताशी ठेवायचं ते असं:

पॅन कार्ड. ॲफिलिएटच्या खात्यात ते नसेल तर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) २० टक्के कापला जाऊ शकतो.

आधार किंवा मतदार ओळखपत्र, सध्याच्या पत्त्यासह.

बँकेचं बचत खातं, पॅनवर जे नाव आहे त्याच नावाचं. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो काढून ठेवा.

खात्याचा आयएफएससी कोड. परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी स्विफ्ट कोडही लागतो. प्रत्येक शाखेला स्विफ्ट कोड नसतो. तालुक्याच्या गावातली शाखा असेल तर बँकेला विचारून कोणत्या शाखेचा कोड द्यायचा ते लिहून घ्या.

वय १८ पूर्ण हवं. मुलाने वेबसाइट केली असेल तर खातं पालकाच्या नावाने काढा.

६. जाहिराती: अर्ज, पिन आणि स्वतःचा हात आवरणं

अर्ज केल्यावर ॲडसेन्स एक कोड देतं, तो वेबसाइटच्या कोडमधल्या ‘हेड’ भागात बसवायचा. मराठी ही ॲडसेन्सला चालणारी भाषा आहे. मंजुरी आली की ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ (ads.txt) नावाची एका ओळीची फाइल डोमेनच्या मुळाशी, म्हणजे मुख्य फोल्डरमध्ये, ठेवायची. ती नसेल तर खात्यात इशारा दिसत राहतो आणि कमाईवर परिणाम होतो.

कमाई १० डॉलरला पोचली की तुमच्या पत्त्यावर साध्या टपालाने पिन, म्हणजे पत्ता तपासण्यासाठीचा आकडा, येतो. पत्ता लिहिताना ‘मु. पो., ता., जि.’ हे रोमन अक्षरांत, पिनकोड अचूक, आणि जमलं तर ओळखीच्या खुणेसह लिहा. पोस्टमनकाकांना आधीच सांगून ठेवा, कारण ते पाकीट साधं असतं आणि जाहिरातीचं समजून बाजूला पडतं. दोन-चार आठवडे वाट बघा, नाहीच आलं तर पुन्हा मागवा. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो खात्यात भरला नाही तर जाहिराती दिसायच्या बंद होतात. पैसे हातात येतात ते १०० डॉलर जमल्यावर, त्या पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान. नव्या वेबसाइटला १०० डॉलर व्हायला बरेच महिने लागू शकतात.

आता सगळ्यात मोठा सापळा. माझी वेबसाइट सुरू झाल्याचं मी घरच्या ग्रुपवर सांगितलं. सगळ्यांनी प्रेमाने रोज जाहिरातींवर क्लिक करायला सुरुवात केली. दोन आठवड्यांत जाहिराती दिसणं जवळजवळ थांबलं. स्वतः क्लिक करणं, दुसऱ्याला करायला सांगणं, ‘आम्हाला मदत करा’ म्हणून बाण दाखवणं, हे सगळं नियमाबाहेर आहे आणि त्यात खातं कायमचं बंद होऊ शकतं. काका-मामांना लेख पाठवा, पण जाहिरातीला हात लावू नका हे आधी स्पष्ट सांगा. गाडी भरून वाचक पाठवणाऱ्या सेवा विकत घेऊ नका. तेही याच गुन्ह्यात मोडतं.

जाहिराती कुठे लावाव्यात? मी स्वयंचलित जाहिराती चालू केल्या होत्या, तेव्हा ‘प्लग काढा’ आणि ‘झाकण उघडा’ यांच्या मधोमध जाहिरात यायची. ओल्या हाताने मोबाइल धरून पायऱ्या वाचणाऱ्या माणसाला हा त्रास कशाला? आता मी जागा हाताने ठरवते: लक्षण-कारण संपल्यावर एक, कृती पूर्ण झाल्यावर एक, लेखाच्या शेवटी एक. पायऱ्यांच्या मध्ये एकही नाही. जाहिरातीसाठी आधीच ठरावीक उंचीची जागा राखून ठेवा, म्हणजे ती उशिरा आली तरी मजकूर उडी मारत नाही. ‘पुढे’ बटणाला चिकटून जाहिरात ठेवू नका. चुकून झालेले क्लिक तुमच्याच अंगावर येतात.

७. ॲफिलिएट: लिंक कुठे, किती आणि काय सांगून

भारतात सुरुवातीला ॲमेझॉन असोसिएट्स, म्हणजे ॲमेझॉनची ॲफिलिएट योजना, सोपी पडते. खातं लगेच मिळतं, पण पहिल्या १८० दिवसांत किमान तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर ते बंद होतं. म्हणून वाचक यायला लागल्यावरच अर्ज करा. लिंकवर क्लिक केल्यापासून २४ तासांत वाचकाने टोपलीत टाकलेल्या वस्तू धरल्या जातात, फक्त तुम्ही सुचवलेलीच नाही. वॉशर बघायला गेलेला माणूस कधी पिशवीभर सामान घेऊन बाहेर पडतो.

नियमांतले हे मुद्दे नवख्यांना ठाऊक नसतात: स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी खरेदी चालत नाही. लिंक पीडीएफमध्ये किंवा छापील कागदावर द्यायची नाही. किंमत लेखात हाताने लिहायची नाही, कारण ती रोज बदलते. दुकानाच्या पानावरचा फोटो उतरवून आपल्या वेबसाइटवर चढवायचा नाही. ज्या ज्या ठिकाणी लिंक वापरता, ती सगळी ठिकाणं खात्यात नोंदवायची.

लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ हा गुणधर्म लावा. पैसे मिळणाऱ्या लिंकसाठी गूगलने तो २०१९ मध्ये आणला.

खुलासा लेखाच्या वर, पहिल्या लिंकच्या आधी, मराठीतच लिहा. माझा असा आहे: ‘या लेखातल्या काही लिंकांवरून तुम्ही खरेदी केलीत तर मला कमिशन मिळतं. तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत.’ त्याखाली ॲमेझॉनने सांगितलेलं ठरलेलं वाक्य. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याबद्दल मार्गदर्शिका काढली आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. दंड बाजूला ठेवला तरी, वाचकाला हे सांगणं त्याचा हक्क आहे असं मी मानते.

आता मोह कुठे होतो ते सांगते. कपलर शंभर-दीडशेचा, त्यावर कमिशन काही रुपये. नवा मिक्सर घ्यायला लावला तर त्याच्या कितीतरी पट. एका दिवाळीला मी त्या लेखात ‘नवीन मिक्सर बघा’ अशी पेटी घातली. त्या महिन्यात कमाई वाढली. मग एका आजींचा निरोप आला: कपलर बदलून घ्यायला आले होते, पण तुम्ही म्हणताय तर नवाच घेऊ का? पेटी मी त्याच दिवशी काढली. आता माझा नियम असा आहे: दुरुस्ती होत असेल तर फक्त भागाची आणि अवजाराची लिंक. जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तोच भाग मिळत असेल तर तेही लिहिते, आणि जुना भाग सोबत न्यायला सांगते, कारण कपलर कंपनीनुसार वेगळे असतात.

८. पैसे बँकेत आल्यावर

परदेशातून रक्कम आली की बँक कधी कधी विचारते, हे कशाचे पैसे? रिझर्व्ह बँकेच्या यादीत जाहिरात सेवेसाठी पी१००७ हा उद्देश कोड आहे. ‘नातेवाइकाने पाठवले’ असं मोघम सांगू नका. परकीय रकमेची पावती मागून घ्या आणि जपून ठेवा.

हे उत्पन्न करपात्र आहे. होस्टिंग, डोमेन, लेखासाठी घेतलेले सुटे भाग यांची बिलं एका फाइलमध्ये लावत चला. कापलेला टीडीएस विवरणपत्रात धरता येतो. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा आपल्याकडे वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे. तिथवर पोचायच्या आधीच, पहिल्या वर्षी एकदा तरी, सीएकडे सगळे कागद घेऊन बसा.

९. महिन्यातून एक दुपार

मी महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी हे करते. सर्च कन्सोल उघडते आणि लोक कोणते शब्द टाकून आले ते वाचते. ‘पंखा हळू फिरतो’ असं शोधणारे माझ्या ‘पंख्याचा आवाज’ या लेखावर येत होते. त्यांच्यासाठी कपॅसिटरवर वेगळा लेख लिहिला.

मग सगळ्यात जास्त वाचल्या जाणाऱ्या दहा लेखांतल्या ॲफिलिएट लिंका एकेक उघडून बघते. वस्तू संपलेली असते, कधी त्याच लिंकवर भलताच माल लागलेला असतो. आणि ज्या लेखाखाली वाचकांनी ‘हे माझ्या मॉडेलला जमलं नाही’ असं लिहिलंय, तो लेख मॉडेलच्या नावासह दुरुस्त करते. गेल्या रविवारी उलट्या आट्यांच्या लेखात दोन मॉडेल वाढवली आणि शाफ्ट खालून धरायचा नवा फोटो घातला. जुन्यात माझाच अंगठा आडवा येत होता.